'ॲन इन्कन्व्हिनिअंट ट्रुथ' पाहून अर्धं पटलं, अर्धं खटकलं. या माहितीपटावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की हा माहितीपट पाहताना अंगावर काटा आला, पण नंतर कुठेतरी वाचलं की ब्रिटनमधल्या एका न्यायाधीशांनी त्यात नऊ चुका काढल्या. मग हे खरं मानायचं की प्रचार म्हणून सोडून द्यायचं, आणि पाहिलेल्या इतरांना काय वाटलं?

मी तो दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा 2006 मध्ये आला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा अलीकडे, तेरा वर्षांच्या मुलीबरोबर. दोन्ही वेळा मधेच मन भरून आलं आणि मधेच चीडही आली. ती नेमकी कुठे आली ते दुसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. हा माहितीपट मोजमाप दाखवतो तेव्हा त्याला तोड नाही. संकटांची दृश्यं दाखवायला लागतो तेव्हा घसरतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲल गोर जागतिक तापमानवाढीवर गावोगाव स्लाइड्स दाखवत व्याख्यान देत असत. दिग्दर्शक डेव्हिस गुगनहाइम यांनी त्याच व्याख्यानाचा हा माहितीपट केला. 2007 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्याच वर्षी गोर आणि आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची वैज्ञानिक समिती) यांना शांततेचं नोबेल विभागून मिळालं. एक माणूस पडद्यासमोर उभा राहून दीड तास आलेख समजावतो आणि लोक जागचे हलत नाहीत, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

मला सगळ्यात आवडलेला भाग मौना लोआच्या आलेखाचा. 1958 मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. त्यांना या कामाला लावणारे रॉजर रेव्हेल हे गोर यांचे कॉलेजातले शिक्षक. सुरुवातीचे आकडे 315 पीपीएमच्या आसपास होते, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे 315. पडद्यावर ती रेषा चढायला लागली आणि मुलीनं विचारलं, "ही अशी दातेरी का आहे? करवतीसारखी?"

उत्तर गोर लगेचच देतात. पृथ्वीवरची बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे. तिथे पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात आणि रेषा उतरते. पानं गळून कुजली की तो परत हवेत जातो आणि रेषा चढते. सगळी पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते. आम्ही तिथे थांबवलं. एक दात म्हणजे एक वर्ष हे कळल्यावर ती बोट ठेवून मोजायला लागली आणि शेवटच्या दाताशी अडखळली. "मी यात नाहीच."

खरंच नव्हती. आलेख 2005 शी संपतो, साधारण 380 वर. म्हणून पुढचे आकडे काढून आम्ही कागदावर रेषा लांबवली. तिच्या जन्माच्या सुमाराला 392, आणि 2024 ची सरासरी 424 च्या वर. काढताना तिच्याच लक्षात आलं की एक दात सहा-सात पीपीएमचा आहे आणि वर्षाची चढ दोन-अडीचची. म्हणजे आज वर्षातला जो सगळ्यात वरचा आकडा आहे, तो साधारण तीन वर्षांत वर्षातला सगळ्यात खालचा आकडा होऊन बसतो. 2006 मध्ये हेच मी पाहिलं होतं, पण असं हातानं काढून पाहिलं नव्हतं. माहितीपटानं माणसाला कागद-पेन्सिल घ्यायला लावावी, याहून मोठी पावती मला माहीत नाही.

आता चीड कुठे आली ते सांगतो. पुढे येणाऱ्या आणखी एका आलेखाला.

अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या गाभ्यात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यातून 6,50,000 वर्षांचा कार्बन डायऑक्साइड कळतो (नंतर हा हिशोब 8,00,000 वर्षांपर्यंत गेला), आणि बर्फावरून त्या वेळचं तापमान. दोन रेषा एकाखाली एक, हिमयुगांबरोबर खाली-वर होणाऱ्या. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड 300 पीपीएमच्या पलीकडे गेलेला नाही. मग आजचा आकडा दाखवायला गोर उचलणाऱ्या पाळण्यात चढतात आणि रेषेबरोबर वर वर जातात. सभागृह हसतं आणि मग गप्प होतं. दृश्य म्हणून ते अप्रतिम आहे.

पण दोन रेषा दाखवताना ते एवढंच म्हणतात की यांचं नातं गुंतागुंतीचं आहे, तरी त्यातला मुख्य मुद्दा असा की कार्बन डायऑक्साइड वाढला की तापमान वाढतं. आणि पुढे जातात. मला त्या वेळी एका मित्रानं गाठून विचारलं होतं, "हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं, कार्बन नंतर. हे तुझ्या गोर यांनी का लपवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिडून वाद घातला आणि हरलो, कारण तेव्हाच्या मोजमापांप्रमाणे तो म्हणत होता ते बरोबरच होतं. कार्बन काही शतकं मागे दिसत होता.

उत्तर असं आहे आणि ते दोन मिनिटांत सांगता आलं असतं. हिमयुग संपायला सुरुवात होते ती पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणाऱ्या सावकाश बदलांमुळे. ऊन जरा वेगळ्या प्रकारे वाटलं जातं, समुद्र थोडे तापतात, आणि तापलेल्या समुद्रातून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. तो बाहेर आल्यावर उष्णता अडवतो आणि तापमान आणखी चढवतो. सुरुवात कोणी केली आणि वाढवलं कोणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एवढ्याशा कक्षाबदलातून हिमयुगासारखा अजस्र फरक कसा पडला, याचं उत्तर कार्बनशिवाय देताच येत नाही. आज कार्बन आधी येतोय, कारण तो आपण जमिनीतून उपसून हवेत सोडतोय. वायू उष्णता अडवतो तो दोन्ही वेळा सारखाच.

आणि ते 'मागे असणं' तरी किती? इथे एक बारीक गोष्ट आहे. बर्फ पडतो तेव्हा तो भुसभुशीत असतो. वरच्या थरांतून हवा येत-जात राहते आणि पन्नास-शंभर मीटर खाली दाब पडला की मगच बुडबुडे बंद होतात. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फाहून शेकडो, कधी हजारो वर्षांनी तरुण असते. तापमान कळतं बर्फावरून आणि कार्बन कळतो हवेवरून, तेव्हा हा फरक किती धरायचा यावर सगळं अवलंबून. 2013 मध्ये नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) बुडबुडे बंद होण्याची ही खोली अधिक नेमकी काढली गेली, तेव्हा गेल्या हिमयुगाच्या शेवटी अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन जवळजवळ बरोबरीनं चढलेले दिसले. हे 2006 मध्ये कोणाला सांगता आलं नसतं हे मान्य. पण कक्षा आणि समुद्राची गोष्ट तेव्हाही माहीत होती. ती गाळल्यामुळे, जी माहिती विज्ञानाच्या पुस्तकात उघड छापलेली होती ती लोकांना गुपित फोडल्यासारखी कळली. माझ्या मित्राचा विश्वास त्या एका वाक्यानं गेला आणि तो परत यायला फार वर्षं लागली.

तुम्ही म्हणता ते नऊ मुद्दे. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांना सरकारनं हा माहितीपट पाठवला, त्याविरुद्ध एका पालकानं दावा केला, आणि 2007 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला. बातम्यांत 'नऊ चुका' तेवढ्या आल्या. त्याच निकालात त्यांनी असंही म्हटलं होतं की माहितीपटाचं मुख्य म्हणणं विज्ञानाशी मोठ्या प्रमाणात जुळतं, आणि शिक्षकांना सोबत मार्गदर्शक टिपणं दिली तर तो वर्गात दाखवायला हरकत नाही. निकालपत्रात 'चुका' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातला होता.

त्या नऊपैकी काही मला खऱ्याच खटकतात. समुद्राची पातळी 6 मीटर वाढली तर कोणकोणती शहरं बुडतील, हे गोर नकाशावर पाणी पसरवून दाखवतात. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल, त्यामुळे 6 मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. पण किती काळात, हे ते सांगत नाहीत. पाहणारा समजतो की हे आपल्या हयातीत. एवढं वितळायला शतकं, कदाचित हजारो वर्षं लागतील. 2021 च्या अहवालात आयपीसीसीनं 2100 पर्यंतची वाढ उत्सर्जनानुसार साधारण 0.28 ते 1 मीटर धरली आहे. एक मीटर ऐकायला कमी वाटतं, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या कोट्यवधी माणसांसाठी तो पुरेसा भयंकर आहे. खरा आकडाच इतका वाईट असताना काळ गाळून भीती वाढवायची गरज काय होती?

आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावरच्या बर्फाचंही तसंच. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आटतोय, आणि त्यात कोरड्या झालेल्या हवेचा वाटा मोठा आहे. बर्फ तिथे वितळण्यापेक्षा थेट वाफ होऊन जातो. हिमनद्या आक्रसताना दाखवायला जगात शेकडो स्वच्छ उदाहरणं होती. त्यांनी नेमकं वादातलं निवडलं, कारण ते देखणं होतं.

अमेरिकेतलं 2005 चं कतरिना चक्रीवादळही माहितीपट तापमानवाढीशी जोडतो. जखम ताजी होती आणि अमेरिकी प्रेक्षकासाठी ते दृश्य टाळणं अवघड असेल, हे मी समजू शकतो. एका वादळाचा दोष तापमानवाढीवर टाकायची साधनं तेव्हा जेमतेम तयार होत होती. 2003 च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवरचा तसा पहिला मोठा अभ्यास 2004 मध्ये आला होता. आज एखादी लाट किंवा अतिवृष्टी झाल्यावर काही आठवड्यांत हिशोब मांडला जातो की ती तापमानवाढीमुळे किती पटींनी अधिक शक्य झाली.

प्रवाळांच्या बाबतीत मात्र काळ गोर यांच्या बाजूनं गेला. त्यांचं पांढरं पडणं इतर कारणांपासून वेगळं काढणं अवघड आहे, असं निकालात होतं. त्यानंतर 2014 ते 2017 आणि पुन्हा 2023 पासून, समुद्र तापले तसे जगभरचे प्रवाळ एकाच वेळी पांढरे पडले. एप्रिल 2024 मध्ये ही जागतिक पातळीवरची चौथी घटना म्हणून जाहीर झाली. त्यामुळे 'नऊ चुका' ही यादी जशीच्या तशी आज पुढे ढकलणाऱ्यांनीही 2007 च्या पुढे यायला हवं.

बेडकाबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बेडूक बसून राहतो, अशी एक छोटी ॲनिमेशन मधे आहे. खरा बेडूक बसून राहत नाही. पाणी सोसेनासं झालं की उडी मारतो. पण माझी तक्रार प्राणिशास्त्राची नाही. या गोष्टीतून असं वाटतं की लोकांना कळलंच नाही म्हणून ते गप्प राहिले. त्याच माहितीपटात याहून खरं उत्तर आहे. गोर यांच्या घरी तंबाखूची शेती होती. त्यांची मोठी बहीण 1984 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांनी तंबाखू लावणं सोडलं. धूम्रपानाचा धोका तोवर वीस वर्षं जाहीर होता. तरी शंका शिल्लक होती, कारण ती कोणीतरी मुद्दाम शिल्लक ठेवत होतं. हवामानाबाबतही तेच झालं, हे ते दोन आकड्यांत दाखवतात. शोधनिबंधांचे 928 सारांश तपासले, त्यात मानवी कारणाला नाकारणारा एकही नव्हता. वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक बातम्यांत शंका होती. गोर यांच्या मुलाच्या अपघाताचा प्रसंग मला ओढून आणलेला वाटला. बहिणीचा नाही वाटला. तो विषयाच्या पोटातून आलाय.

मला एक गोष्ट त्यात फार हवी होती आणि ती जवळजवळ नाहीच. हा कार्बन आपलाच कशावरून, आणि तापमान त्यामुळेच वाढतंय हे कशावरून? याचे पुरावे गुप्तहेरकथेसारखे आहेत. कोळसा आणि तेल इतके जुने की त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 केव्हाच संपलेला आहे. तसा 'मेलेला' कार्बन हवेत मिसळला की हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण पातळ होतं, आणि ते तसं झालेलं 1950 च्या दशकातच दिसलं होतं. जाळताना ऑक्सिजन खर्च होतो, आणि हवेतला ऑक्सिजनही अगदी किंचित पण मोजता येईल एवढा घटतोय. हे मोजणारे राल्फ कीलिंग, त्याच चार्ल्स कीलिंग यांचा मुलगा. तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो. सूर्य तापल्यामुळे हे होत असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा त्यावरचा थर, थंड होतंय, कारण वाढलेला कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो आणि वर मात्र ती अवकाशात सोडतो. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे यांच्या गणितानं हे 1967 मध्येच सांगितलं होतं. त्यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. बुडणाऱ्या शहरांऐवजी ही पाच मिनिटं दिली असती तर माझा मित्र त्या रात्री माझ्याशी वेगळं बोलला असता.

शेवट तर मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर काळजाला लागला. दीड तास पृथ्वीचं भवितव्य दाखवून झाल्यावर श्रेयनामावलीबरोबर सूचना येतात. दिवे बदला, झाडं लावा, घराची उष्णता वाया घालवू नका. त्याआधी मिनिटभर एक आलेख येतो खरा, वीज वाचवणं, वाहनं, अपारंपरिक ऊर्जा असे वाटे एकत्र करून उत्सर्जन कसं उतरवता येईल ते दाखवणारा. पण तो इतका भरकन जातो की मुलीला तो आठवतही नव्हता. तिला पाणी आठवत होतं. त्या रात्री ती माझ्या खोलीत आली. "मला झोप येत नाहीये. दिवे तर आपले आधीच बदललेत. मग आता काय करायचं?"

या प्रश्नावर मी तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. ओझोनच्या थराला भोक पाडणारी रसायनं 1987 च्या माँट्रियल करारानं जगानं एकमतानं बंद करत आणली. गोरही याचा उल्लेख करतात, पण फार पटकन. 2010 ते 2019 या काळात सौरऊर्जेचा युनिटमागचा खर्च आणि लिथियम बॅटऱ्यांचा खर्च, दोन्ही सुमारे 85 टक्क्यांनी उतरले. 2006 मध्ये बसून हे कोणी म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माहितीपट बनला त्यानंतरच्या वर्षांत स्पष्ट झालं: निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानाची वाढ जवळजवळ तिथेच थांबते. आधी झालेली वाढ जात नाही, समुद्र पुढेही चढत राहतो, पण तापमान आपोआप पुढे पळत सुटत नाही. अमुक वर्षापर्यंत जमलं नाही तर सगळं संपलं, असं काही नाही. प्रत्येक टनाचा हिशोब वेगळा लागतो, आजच्याही आणि वीस वर्षांनंतरच्याही. या वाक्यानंतर ती झोपली.

तेव्हा विश्वास ठेवावा का? मौना लोआवर, बर्फातल्या 300 च्या मर्यादेवर, शंका पसरवण्याच्या गोष्टीवर पूर्ण ठेवा. बुडणाऱ्या नकाशावर आणि किलिमांजारोवर जपून. बेडकाला विसरा. घरातल्या कोणाबरोबर पाहणार असाल तर पाळण्याच्या दृश्याआधी थांबवून कक्षा आणि समुद्राची गोष्ट स्वतः सांगा. आणि आलेख पुढे काढायला बसलात तर 2020 चा दात नीट पाहा. आमच्याकडे मुलीनं तो मुद्दाम शोधला होता. "सगळं बंद होतं ना त्या वर्षी? मग इथे रेषा खाली का नाही आली?" त्या वर्षी जगाचं कार्बन उत्सर्जन सुमारे 5 टक्क्यांनी घटलं. उरलेलं 95 टक्के चालूच होतं, आणि करवतीचा तो दात शेजारच्या दातांसारखाच दिसतो.